इन्सुलिनच्या रेणूतील फेरबदल : प्रश्न वेळेचा

मधुमेहावरील इन्सुलिन उपचारात औषधाच्या सामर्थ्याइतकेच त्याच्या वेळेलाही महत्त्व आहे. निरोगी व्यक्तीचे स्वादुपिंड अहोरात्र थोडे थोडे इन्सुलिन स्रवत असते आणि जेवण होताच ते प्रमाण वाढवते. त्वचेखाली टोचलेल्या इन्सुलिनला ही लय सांभाळता येत नाही.

इन्सुलिनच्या रेणूत ५१ अमिनो आम्ले असतात. २१ आम्लांची ‘ए’ साखळी आणि ३० आम्लांची ‘बी’ साखळी. कुपीत हे रेणू जस्ताच्या आधाराने सहा-सहाच्या पुंजक्यांत राहतात. टोचल्यानंतर ते सुटे होऊन रक्तात मिसळण्यास वेळ लागतो. त्यामुळे साधे मानवी इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावे लागते. त्याचा परिणाम जेवणानंतरही तासन् तास रेंगाळतो आणि रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरू शकते.

जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून तयार करवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. रेणूची मूळ संहिताच हाती आल्याने तीत बदल करणे शक्य झाले. १९९६ मध्ये आलेल्या ‘लिस्प्रो’ या प्रकारात ‘बी’ साखळीतील २८व्या व २९व्या स्थानांवरील प्रोलिन व लायसिन यांची केवळ अदलाबदल केलेली आहे. ही कल्पना निसर्गातूनच आली: शरीरातील इन्सुलिनसदृश वाढघटकात ही दोन आम्ले अशाच उलट क्रमाने असतात. या बदलामुळे रेणूंची परस्परांवरील पकड सैल होते, मात्र पेशींवरील कार्य अबाधित राहते. परिणाम सुमारे १५ मिनिटांत सुरू होतो.

प्रत्येक बदल इतका निरुपद्रवी नसतो. ‘बी’ साखळीतील १०व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक आम्ल बसवलेला रेणू वेगाने काम करत असे. परंतु त्याने मादी उंदरांमध्ये स्तनांच्या गाठी उद्भवल्याने तो सोडून द्यावा लागला. त्यामुळे नव्या रेणूची पेशींच्या वाढीवरील परिणामांसाठी कसून तपासणी केली जाते.

‘ग्लार्जिन’मध्ये उद्दिष्ट नेमके उलट, म्हणजे परिणाम लांबवण्याचे आहे. ‘ए’ साखळीच्या टोकाचे एक आम्ल बदलून आणि ‘बी’ साखळीला दोन आर्जिनिन जोडून तो घडवला आहे. आम्लधर्मी द्रावणात विरघळलेले हे इन्सुलिन त्वचेखाली साक्याच्या रूपात बसते आणि सुमारे दिवसभर झिरपत राहते. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने विकसित केलेल्या ग्लार्जिनला २०२१ मध्ये अमेरिकेत मूळ औषधाऐवजी थेट देता येण्याजोगे पहिले जैवसदृश इन्सुलिन म्हणून मान्यता मिळाली.

‘आयकोडेक’ हे त्यापुढचे पाऊल. त्याला जोडलेली मेदाम्लाची शृंखला रक्तातील अल्ब्युमिनला धरून राहते. त्यामुळे आठवड्याला एकच इंजेक्शन पुरते. युरोपात २०२४ मध्ये त्यास परवानगी मिळाली. मात्र एकदा टोचलेली आठवड्याची मात्रा मागे घेता येत नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या चाचणीत रोजच्या ‘डेग्लुडेक’ इन्सुलिनच्या तुलनेत साखर घसरण्याचे प्रसंग अधिक आढळले आणि त्याच वर्षी अमेरिकी नियामकांनी मान्यता न देता अधिक माहिती मागवली.