माधोदास बैरागी: नांदेडहून निघालेली कीर्ती

वारंगा फाट्यावरून बोलतोय. हिंगोली, नांदेड आणि यवतमाळकडचे रस्ते मिळतात ना, तोच आपला खिचडीवाला फाटा. आजचा प्रश्न असा, की हातात शस्त्र घेतलेला साधू शेकडो वर्षं लोकांच्या लक्षात का राहतो?

जपानमध्ये याचं उत्तर एकच, बेंकेई. बाराव्या शतकातला धिप्पाड भिक्षू. गोष्ट अशी सांगतात, की हजार तलवारी जिंकायच्या म्हणून तो क्योटोच्या पुलावर उभा राहायचा. ९९९ झाल्या. हजाराव्या वेळी कोवळ्या योशित्सुनेनं त्याला हरवलं आणि बेंकेई त्याचा सेवक झाला. ११८९ मध्ये धन्यासाठी लढताना तो अंगभर बाण घेऊन उभ्या-उभ्याच मेला म्हणतात. पुढे नोह आणि काबुकी नाटकांनी त्याला अमर केलं.

आता नांदेडला या. १७०८ साल. गोदाकाठी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. मूळचा जम्मूकडचा, सिद्धीबद्दल दबदबा असलेला. गुरु गोविंदसिंग तिथे आले आणि थेट त्याच्या पलंगावर बसले. माधोदासनं मंत्रशक्तीनं पलंग उलटवायचा प्रयत्न केला, तो हललाच नाही. शेवटी तो म्हणाला, मी तुमचा बंदा. म्हणजे सेवक.

बघा, साचा तोच! गर्विष्ठ साधू हरतो आणि त्या हरण्यातूनच मोठा होतो. लोकांना न हरणारा माणूस देव वाटतो, हरून बदललेला माणूस आपला वाटतो. कीर्तीचं पहिलं कारण मला हेच दिसतं.

पण पलंगाची गोष्ट झाली आख्यायिका. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मी आधी लॉग बघतो, म्हणजे त्या वेळीच झालेली नोंद. बेंकेईच्या बाबतीत ती फारच तुटपुंजी आहे. बंदा सिंगाच्या बाबतीत मात्र भरपूर. १७०९ मध्ये त्यानं समाणा घेतलं. मे १७१० मध्ये चप्पर चिडीच्या लढाईत सरहिंदचा फौजदार वजीर खान मारला गेला. याच वजीर खानानं गुरूंच्या दोन लहान मुलांना ठार करवलं होतं. मग शिवालिकच्या पायथ्याशी लोहगड ही राजधानी आणि स्वतंत्र नाणं. त्या नाण्यावर बंदाचं नाव नाही, नाव आहे गुरूंचं! जमीन कसणाऱ्यालाच तिचा मालक केलं, ही त्याची आठवण पंजाबातले शेतकरी आजही काढतात.

डिसेंबर १७१५ मध्ये गुरदास नंगलचा लांबलेला वेढा संपला आणि तो पकडला गेला. दिल्लीत रोज कैद्यांची मुंडकी उडवली जात होती. तेव्हा तिथे असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वकिलांनी मार्च १७१६ च्या पत्रात लिहून ठेवलंय, की एकानंही धर्म सोडल्याचं दिसलं नाही. जूनमध्ये बंदालाही हाल करून मारलं.

म्हणजे आख्यायिकेनं त्याला घराघरात नेलं आणि नोंदींनी त्याला इतिहासात पक्कं बसवलं. रवींद्रनाथांनी बंगालीत त्याच्यावर कविता लिहिली, चप्पर चिडीला उंच फतेह बुर्ज उभा राहिला. नांदेडला बंदा घाट गुरुद्वारा आहे, पंजाबातून लोक मुद्दाम येतात. आपल्यातले किती जण जातात? पंजाबचा हा नायक घडला आपल्या गोदाकाठी, आणि पहिल्या प्रसंगाची जागा आपल्याकडे असून गोष्ट मात्र दुसरेच सांगतात. पुढच्या वेळी फाट्यावर खिचडी खाऊन नांदेडकडे वळलात, तर तासाभराचाच रस्ता आहे. घाटावर जा आणि सोबतच्या पोरांना माधोदासची गोष्ट सांगा.

भेटू पुढच्या भागात!