भिंतीवरचा पफिन आणि त्याच्या चोचीतले मासे

खडकाळ किनारा, मागे करडा समुद्र आणि पुढे चोचीत रुपेरी मासे आडवे धरून उभा असलेला पफिन. भिंतीवर लावण्यासाठी निवडल्या जाणाऱ्या वन्यजीव छायाचित्रांत उत्तर अटलांटिकच्या या पक्ष्याला मानाचे स्थान आहे. भारतात तो आढळत नाही. ही छायाचित्रे बहुधा उन्हाळ्यातली असतात; पफिन जमिनीवर येतो तो केवळ विणीसाठी, आणि चोचीवरची रंगीत आवरणे हंगाम सरताच गळून पडतात.

व्हिक्टोरियाकालीन ब्रिटनमध्ये दिवाणखान्यातला पक्षी काचपेटीत, पेंढा भरलेला असे. अभ्यासकांचाही भरवसा बंदुकीवरच होता. हा रिवाज मोडणाऱ्यांत रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे यॉर्कशायरच्या शेतकरी कुटुंबातले बंधू अग्रभागी होते. चेरीने १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र टिपले. १८९५ मध्ये दोघांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक निघाले; त्यातली चित्रे प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या छायाचित्रांची होती. अवजड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा सांभाळत चेरी दोराच्या आधाराने कडे उतरत असे. १९०० मध्ये तर त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून आत दडण्याची जागा केली. पेंढा भरण्याची जुनी कला जिवंत पक्षी पाहण्याच्या कामी आली, ही गंमतच.

१८९६ मध्ये हे बंधू स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा बेटांवर गेले. तेथील लोक समुद्रपक्ष्यांवरच जगत. पफिन त्यांचे अन्न होते आणि जमीनदाराचा खंड पिसांच्या रूपाने चुकता होई. त्यामुळे त्या छायाचित्रांत पक्ष्यांबरोबर पक्षी धरणारी माणसेही आली. अखेरचे ३६ रहिवासी १९३० मध्ये बेट सोडून गेले. पक्षी राहिले.

पण तेही सुरक्षित नव्हते. २०१५ मध्ये अटलांटिक पफिनची नोंद जागतिक पातळीवर ‘असुरक्षित’ प्रजातींत झाली. पिलांना नेमके काय खायला मिळते, हे दूरवरच्या वसाहतींत तपासणे अवघड होते. तेव्हा ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स’ या ब्रिटिश संस्थेने २०१७ मध्ये हौशी छायाचित्रकारांनाच साद घातली. सहाशेहून अधिक लोकांनी सुमारे १,४०० छायाचित्रे पाठवली. शोभेसाठी टिपलेल्या चोचीतले मासे आता ओळखले आणि मोजले जाऊ लागले. ऑर्कनी आणि शेटलंडमधल्या पफिनांना मोठे, पोषक मासे मिळवणे जड जात असल्याचे त्यातून दिसले. २०१९ मध्ये अल्बमांत पडून असलेली जुनी छायाचित्रेही मागवण्यात आली.

पफिनच्या चोचीत दिसणारे ते बारीक मासे बहुधा सँडईल असतात. तापणाऱ्या समुद्राचा फटका त्यांना बसतो आहेच. शिवाय मासळीची भुकटी आणि तेल यांसाठी त्यांची प्रचंड मासेमारी होत आली. मार्च २०२४ पासून उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडील भागात आणि स्कॉटलंडच्या सर्व सागरी हद्दीत ती बंद करण्यात आली. डेन्मार्कच्या मासेमारांना हे मानवले नाही, आणि युरोपीय संघाने हा वाद हेगच्या लवाद न्यायालयापर्यंत नेला.