अंगणात काय टाकायचं?

मराठीत ‘ड्राइव्ह-वे’ला शब्द नाही. गेटपासून घराच्या पायरीपर्यंतच्या जागेला आपण अजूनही अंगणच म्हणतो, मग तिथं तुळस असो की कव्हर घातलेली गाडी. माझ्या आईवडिलांचं घर सोलापूरच्या कडेला आहे आणि गेल्या वर्षी त्या अंगणात गाडी आली. तेव्हापासून घरात एकच विषय चालू आहे, की खाली काय टाकायचं? बाबांना काँक्रीट हवंय. काका म्हणतात पेव्हर ब्लॉक. मिस्त्री म्हणतो शहाबादी. आजीला कुणी विचारलेलं नाही, पण उन्हाळ्यात संध्याकाळी खुर्ची टाकून तिथं दोन-तीन तास बसणारी घरात ती एकटीच आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादं टूल वापरायचं ठरवण्याआधी ते मुळात कुणी आणि कुठल्या अडचणीसाठी बनवलं, हे बघायची आम्हाला सवय असते. तीच सवय मी अंगणाला लावली आणि वाचत गेलो. हाती लागलं ते असं, की आज आपल्यासमोर ठेवले जाणारे बहुतेक पर्याय चाकासाठी, धुळीसाठी किंवा टंचाईवर उपाय म्हणून जन्मले. उन्हाचा विचार त्यात जवळजवळ कुणीच केला नव्हता.

सुरुवात आपल्याच पायाखालून करू. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. त्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची, झीज होताना मधल्या अवस्थेत मिळतो तो मुरूम आणि शेवटी होते ती काळी माती. सोलापूरकडच्या अंगणाची जुनी कृती या दोन्हींच्या स्वभावावर उभी होती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट काहीच टिकत नाही. मग ती खरवडून काढायची, मुरूम पसरायचा, पाणी मारून धुमसाने चोपायचा आणि वरून शेणाने सारवायचं.

अशा जमिनीवर संध्याकाळी सडा घातला की पाणी आत मुरतं आणि हळूहळू वाफ होऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे १५ लिटरच्या एका बादलीने जमिनीतून आणि हवेतून जवळपास १० युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेतली जाते. हे गणित कुणी मांडलं नव्हतं, पण उन्हाळ्यात बाज अंगणात टाकून झोपणाऱ्या प्रत्येक घराला ते माहीत होतं.

हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, “आणि सारवायला कोण, तू येणार आहेस का पुण्याहून दर आठवड्याला?”

तिचं बरोबर होतं. सारवलेलं अंगण गार होतं, पण ते गार ठेवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी उकिडवं बसून केलं. शेण गोळा करणं, पाणी आणणं, सारवणं, आणि दोन पाऊस पडले की पुन्हा पहिल्यापासून. आईने लहानपणी ते सगळं केलंय. त्या अंगणाची आठवण काढून हळहळणाऱ्यांत बहुतेक पुरुष असतात, असं तिचं निरीक्षण आहे. त्यामुळे अंगणाचा इतिहास लिहायचा तर हे काम कोण करत होतं, तेही त्यात यायला हवं.

या कामातून पहिली मोठी सुटका केली ती शहाबादी फरशीने. शहाबाद हे गाव आज कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. तिथला करडा चुनखडक थराथराने निघतो. पहारीने उचकटला की एक-दोन इंच जाडीची सपाट लादी हातात येते, कापायचे कष्ट कमी. १८७१ मध्ये मुंबईहून सोलापूरमार्गे येणारा लोहमार्ग रायचूरपर्यंत पोचला. शहाबाद याच मार्गावर, सोलापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत. जड आणि स्वस्त मालाला रेल्वे मिळाली की तो लांबवर जातो. पुढे ही फरशी महाराष्ट्रातल्या ओट्यांवर, शाळांत, देवळांत आणि स्वयंपाकघरांत इतकी पसरली, की ती बाहेरून आली हेच आपण विसरलो.

फरशी सावलीत गार लागते, कारण ती तळपायाची उष्णता झटकन ओढून घेते. उन्हात ठेवली की त्याच गुणामुळे ती तितक्याच झटकन चटका देते. शिवाय दगड दाब भरपूर सहन करतो, वाकणं नाही. खाली पोकळी राहिली आणि वरून गाडीचं चाक गेलं की लादी मधोमध तडकते. माणसं चालतात तिथं शहाबादी उत्तम आहे. गाडीसाठी तिला खाली भक्कम आणि सलग बैठक लागते.

चाकाची गोष्ट इथं सुरू होते. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला जॉन मॅकॲडम या स्कॉटिश माणसाने बारीक फोडलेल्या खडीचे थर दाबून रस्ते करायची पद्धत रूढ केली. खडीचे कंगोरे एकमेकांत अडकतात, पाणी कडेला निघून जातं. घोडागाडीला हे छान चाललं. मोटार आली तशी अडचण झाली. वेगात फिरणारी रबरी टायर खडीमधली बारीक भुकटी उपसून काढत, रस्ता उखडे आणि धुळीचे लोट उठत. १९०१ मध्ये एडगर हूली या अभियंत्याला डर्बीशायरमध्ये एके ठिकाणी रस्त्याचा गुळगुळीत, धूळ नसलेला तुकडा दिसला. तिथं डांबराचं पिंप सांडलं होतं आणि ते झाकायला वरून भट्टीतला स्लॅग टाकला होता. पुढच्याच वर्षी त्याने ‘टारमॅक’चं पेटंट घेतलं. काळा रस्ता हे धुळीवरचं उत्तर होतं, तेही थंड हवेच्या देशातलं. तो तापतो किती, याची तिथं फारशी फिकीर असायचं कारण नव्हतं.

आपल्याकडे हा प्रश्न दुहेरी होता. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडी दळून काढायची आणि मोटारचं टायर ती भुकटी उडवायचं. १९२७ मध्ये सरकारने भारतातल्या रस्त्यांसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात बसून अनेकांनी परीक्षांचा अभ्यास केलाय, पण देशातल्या रस्त्यांशी असलेला त्यांचा संबंध फारसा कुणाला ठाऊक नसतो. या समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि देशाच्या रस्त्यांचा २० वर्षांचा आराखडा तयार झाला. गावाला बाजार, दवाखाना आणि शाळा रस्त्याने जोडणारं हे काम फार मोठं होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त त्यातून एक सवय लागली. चांगली जमीन म्हणजे गाडी न अडकणारी जमीन, ही रस्त्याची व्याख्या हळूहळू गेटच्या आत आली.

ती आत आली सिमेंटच्या पोत्यातून. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, इंग्लंडमधलं. भारतात पोरबंदरला १९१४ च्या सुमारास सिमेंट तयार होऊ लागलं. पुढे शहाबाद-वाडीच्या पट्ट्यातही मोठे कारखाने निघाले, कारण सिमेंटला चुनखडकच लागतो. म्हणजे मिस्त्री सुचवतो ती फरशी आणि बाबांना हवं असलेलं काँक्रीट, दोन्ही एकाच जातीच्या दगडातून येतं. एक पहारीने निघते, दुसऱ्याला सुमारे १४५० अंशांची भट्टी लागते.

काँक्रीटच्या बाजूने बोलायचं तर ते डांबरापेक्षा फिकट असतं. नवं डांबर जवळजवळ सगळं ऊन पिऊन टाकतं. नवं काँक्रीट साधारण एक तृतीयांश परत फेकतं, पण जुनं आणि मळकं झालं की त्याहून कमी. खरी अडचण त्याच्या साठवणुकीत आहे. आमचं अंगण १० बाय ३० फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. चार इंचांचा स्लॅब टाकला आणि तो संध्याकाळपासून पहाटेपर्यंत २० अंशांनी थंड झाला, तर तेवढ्या वेळात तो जवळपास ३० युनिट उष्णता सोडणार. एक किलोवॅटचा हीटर ३० तास चालवावा तितकी. ती जाणार खिडकीतून घरात आणि खुर्चीवर बसलेल्या आजीच्या अंगावर. मुरूमही दुपारी पाय भाजतोच. पण कोरडा मुरूम उष्णता खोल जाऊ देत नाही, त्यामुळे सूर्य कलला की लवकर निवतो.

शहर रात्री आसपासच्या गावांपेक्षा उबदार राहतं, हे ल्यूक हॉवर्ड नावाच्या हौशी हवामान अभ्यासकाने लंडनच्या नोंदींवरून १८१८ च्या सुमारास लिहून ठेवलं होतं. माहिती दोनशे वर्षं जुनी आहे. जमीन निवडणाऱ्यांपर्यंत ती पोचायला वेळ लागला.

पेव्हर ब्लॉकचा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नेदरलँड्समधला. विटांचा तुटवडा होता, म्हणून विटेच्या मापाचे काँक्रीटचे ठोकळे आले. वाळूवर बसवले तर फटींतून थोडं पाणी मुरतं आणि पाइप दुरुस्त करायला उचलताही येतात. आपल्याकडे मात्र ‘मजबुतीसाठी’ खाली आधी काँक्रीट ओततात, की दोन्ही फायदे गेले.

मग पांढरा रंग द्यावा का? अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहराने २०२० मध्ये रस्त्यांना ऊन परत फेकणारा फिकट थर दिला. रस्त्याचं तापमान दुपारी ६ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं. पण तिथल्या विद्यापीठाने मोजलं तेव्हा दिसलं, की दुपारी त्यावर उभ्या माणसाच्या अंगावर पडणारा ताप उलट वाढला, कारण परत फेकलेलं ऊन त्याच्यावरच येत होतं. जमीन गार होणं आणि माणूस गार होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाला सावली लागते.

उत्तर सापडलं ते एका गरजेपोटी केलेल्या जुन्या रस्त्यात. १९३० च्या दशकात दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, पैसे कमी आणि अंतरं मोठी होती. त्यांनी पूर्ण रस्ता न करता डांबराचे दोन-दोन फुटी दोनच पट्टे टाकले, डाव्या आणि उजव्या चाकाखाली. मधली जमीन तशीच. गाडीला जमिनीवर जागा लागते ती तेवढीच.

आमच्या अंगणात ३० फूट लांबीचे असे दोन पट्टे म्हणजे १२० चौरस फूट. ३०० मधले १८० मोकळे राहतात. मी घरी प्रस्ताव पाठवला. पट्टे काँक्रीटचे, खाली काळी माती काढून दाबलेला मुरूम. मधे आणि बाजूला मुरूम, वरून बारीक खडी, म्हणजे चिखल नाही आणि सारवणंही नाही. गेटपासून पायरीपर्यंत आजीच्या काठीसाठी खरबरीत शहाबादीची सलग पायवाट. पश्चिमेला कडुनिंब, भिंतीपासून अंतर राखून, आणि तो वाढेपर्यंत वेलाचा मांडव. हिरवळीचे ब्लॉक नकोत, कारण नळाला रोज पाणी नसलेल्या गावात गवत जगवायचं कुणाच्या जिवावर?

बाबांचा एकच आक्षेप आहे, की लोक म्हणतील पैसे संपले म्हणून काम अर्धं सोडलं. याला गणितात उत्तर नाही. आईने मात्र एकच प्रश्न विचारला, खडीतून झाडू कसा फिरणार? त्यावर खराटा की बाजूला नुसता चोपलेला मुरूम, इथवर बोलणी आली आहेत. पट्ट्यांची दोरी मिस्त्रीने मारून ठेवली आहे, आणि निंबाचं रोप पावसाच्या तोंडावर लावायचं हे मात्र नक्की झालंय. खड्डा कुठं घ्यायचा, ते आजी दाखवणार आहे.