भिंतीतले माळी

रहिमतपूरला पाहुणा आला की आम्ही त्याला मशीद, मकबरा आणि पाण्याचा मनोरा दाखवायला नेतो. १८८५ च्या सातारा गॅझेटियरनेही गावातल्या पाहण्याजोग्या जागा म्हणून याच वास्तू सांगितल्या. मशिदीच्या कारंज्याला पाणी मिळावे म्हणून तो मनोरा बांधला. आपल्याकडे बागांचा इतिहास लिहिणारे अशा पाण्यापाशीच थांबतात. मोट, पाट, हौद. मीही कित्येक वर्षे तेच केले. फळ धरवतो कोण, हा प्रश्न मला पन्नाशीनंतर पडला, आणि तोही आमच्या घराची मागची भिंत पाडल्यावर.

भिंत पांढऱ्या मातीची होती. पाडताना तीत पेन्सिल जाईल एवढी असंख्य भोके दिसली. गवंडी म्हणाला, "भिंत किडलीय." मी मान डोलावली. जुन्या वाशांतही भुंग्यांनी कोरलेले बोगदे होते. सगळे ट्रॉलीत भरून गेले, स्लॅब पडला, परसबाग तेवढी राखली. पुढच्या हंगामात वांग्यांना फूल भरपूर आले, पण फळ धरले ते थोडे आणि लहान. एका हंगामावरून कार्यकारण सांगू नये हे मला कळते. शोध मात्र तिथून सुरू झाला.

वांग्याच्या फुलात मध नसतो. असतो तो पराग, आणि तोही टोकाला बारीक भोक असलेल्या पुंकेसरांत कोंडलेला, मिठाच्या डबीसारखा. फुलाला लटकून अंग थरथरवले की तो झडतो. वाऱ्याने थोडे काम भागते. पण थरथरवण्याची ही विद्या मोठ्या काळ्या भुंग्याला येते, आणि पोटावर निळसर पट्टे असलेल्या एका एकांड्या माशीला. मध देणाऱ्या सातेरीला ती येत नाही. आता यांची घरे पाहा. भुंगा राहतो वाळक्या लाकडात, वेळूत. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत नाहीतर मातीच्या भिंतीत बीळ करते. सातेरी अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी लावते. जुन्या भिंतीतली खबदाड तिला चालते. म्हणजे आमचे वाडे हेच यांचे बिऱ्हाड होते. कृष्णाकाठच्या वांग्याचे कौतुक करताना आपण माती आणि पाण्याला श्रेय देतो. भिंतींना कुणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

युरोपलाही हे उशिराच पटले. १७९३ साली जर्मनीत श्प्रेंगेलने फुले आणि कीटक यांचा व्यवहार सविस्तर मांडला, पण त्याच्या पुस्तकाकडे फारसे कुणी पाहिले नाही. त्याचे महत्त्व डार्विनने ओळखले. आमच्या आजीला यातले काही ठाऊक नव्हते. दुधीच्या नर फुलाला ती ‘वांझ फूल’ म्हणे, पण खुडू देत नसे. दुधी दिवेलागणीला फुलतो, त्यावर पतंग येतात. तेव्हा वेलाजवळ जायची आम्हा मुलांना बंदी होती. कारण ती सापाचे सांगायची.

सातारा जिल्ह्याला मधमाशी नवी नाही. महाबळेश्वरचा मध सर्वांना माहीत आहे, तिथलेच मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले. पुण्यात मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था १९६२ पासून आहे. त्यामुळे बाग म्हटली की पेटी ठेवा, असा सल्ला हमखास मिळतो. काकडी-भोपळ्याला तो उत्तमच. वांग्याला फारसा उपयोगी नाही, आणि भुंग्यासाठी कुणी पेटी विकत नाही. त्याला वाळका वेळू पुरतो.

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या पाच घरांनी एका पडक्या वाड्याच्या जागेत मिळून भाजी लावली. उरलेली भिंत काढून तारेचे कुंपण घालायचे ठरत होते. मी विरोध केला. कारण सांगितले तेव्हा मंडळी हसली. एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता किड्यांनाही घरकुल?" बरीच घासाघीस होऊन भिंत कमरेएवढी ठेवायची, असे ठरले. पावसात ती खचू नये म्हणून वर पत्रा टाकायचे काम माझ्याकडे आले आहे. मागच्या वळवाने तो एकदा उडाला, तेव्हा आता त्यावर दगड ठेवले आहेत.