गोदावरी त्या चार नद्यांत का नाही?

शाळेतला तो नकाशा आठवतो? नाईल, टायग्रिस-युफ्रेटिस, सिंधू, ह्वांग हो. काठांवर रंगवलेले पट्टे आणि खाली हमखास प्रश्न : प्राचीन संस्कृती नदीकाठीच का उदयाला आल्या? पाणी, सुपीक जमीन, वाहतूक असं लिहायचं आणि पूर्ण मार्क घ्यायचे.

छत्रपती संभाजीनगरात बसून तो नकाशा पाहिला की मात्र एक शंका येते. इथून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला, गोदावरी वाहते. तब्बल १,४६५ किलोमीटर लांबीची नदी. मग तिच्या काठी उर किंवा मोहेंजोदडोसारखं शहर त्या काळात का उभं राहिलं नाही?

‘आपल्याकडे पाऊस कमी’ हे उत्तर पुरत नाही. जिथे उर वसलं, त्या दक्षिण इराकमध्ये वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. मराठवाड्यात त्याहून कितीतरी जास्त पडतो. पण युफ्रेटिसचं पाणी येतं तुर्कस्तानच्या बर्फाळ डोंगरांतून, नाईलचा पूर इथिओपियाच्या पावसातून, सिंधूचं पाणी हिमालयातून. पाऊस पडतो एका देशात आणि पीक येतं दुसऱ्या देशात. पाण्यासोबत गाळ येतो, सपाट मैदानावर पसरतो. त्या मऊ जमिनीत साध्या लाकडी नांगरानेही भरपूर पिकतं. खाऊन उरलेल्या धान्यावर गवंडी, कारकून, पुजारी आणि राजे पोसले जातात. शहर म्हणजे शेवटी हेच.

गोदावरीचं तसं नाही. ती त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथे बर्फ नाही. आपल्या शेतावर जो मान्सून रुसतो, तोच तिच्यावरही रुसतो. शिवाय तिचा वरचा प्रवाह वाहतो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून थिजलेल्या कातळावरून. अजिंठा-वेरूळ कोरलं तोच हा कातळ. गाळाचा पट्टा काठालगत, तोही अरुंद. त्यापलीकडे काळी जमीन : उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पाय रुतवणारी, लाकडी नांगराला जड.

तरीही माणसं इथे राहिली. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, दायमाबाद आहे. १९५८ मध्ये त्याचा शोध लागला आणि उत्खननात एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले. त्यात उत्तर-हडप्पा काळातल्या, सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मुद्राही आहेत. १९७४ मध्ये इथल्या एका शेतकऱ्याला खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या : बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. एकूण वजन साठ किलोहून जास्त. त्या नेमक्या कधीच्या यावर अभ्यासकांत वाद आहे. पण आपल्या कातळात तांबं मिळत नाही, म्हणजे ते दुरून आणलेलं. ही गावं जगापासून तुटलेली नव्हती.

ती कशी जगत होती हे पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात जास्त स्पष्ट दिसतं. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी १९६८ पासून तिथे बारा हंगाम उत्खनन केलं. इ.स.पू. १४०० च्या सुमाराला तिथले लोक चौकोनी घरांत राहत, जव पिकवत. पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध घातला, चर खणला. धान्याचं कोठार बांधलं. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत.

इ.स.पू. १००० नंतर चित्र पालटतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेती आटते, शिकार आणि गुरांवरचा भर वाढतो. ढवळीकरांनी याचा संबंध हवामान कोरडं होण्याशी जोडला. इ.स.पू. ७०० च्या आसपास लोक इनामगाव सोडून गेले. घराखाली पुरलेली लेकरं मागे ठेवून.

मग पैठण कसं उभं राहिलं? पुढच्या काही शतकांत लोखंड सर्वत्र पोचलं. लोखंडी फाळ काळ्या जमिनीत शिरला. आणि रस्ते आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरच्या पैठणची नोंद आहे. तिथून अकीकासारखे दगड गाड्या भरभरून बंदराकडे जात, असं त्यात म्हटलंय. तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, कापड जाई.

आता गंमत बघा. अकीक तयार होतो लाव्हाच्या कातळातल्या पोकळ्यांत. कापूस येतो त्याच कातळाची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत. ज्या दगडाने गाळाचं मैदान दिलं नाही, त्यानेच दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगापर्यंत जाणारा माल दिला. तिकडे शहरं पुराने घडवली, सातवाहनांचं पैठण बैलगाडीच्या वाटेने घडवलं.

पाण्याचं गणित मात्र सुटलं नाही. मलिक अंबरने १६१० च्या सुमाराला खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. जवळ फक्त खाम नदी, म्हणून त्याला डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी आणावं लागलं. १९७६ मध्ये जायकवाडी धरण झालं आणि पैठणची गोदावरी आपल्या नळात आली. तरी दर उन्हाळ्यात आपण नाथसागराची टक्केवारी मोबाइलवर बघतोच. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातल्या वस्त्या ऊसतोडीला निघतात, घरी म्हातारी माणसं ठेवून.

इनामगाव सोडणाऱ्यांनी काय काय बरोबर घेतलं असेल, याचा अंदाज त्या गाड्या बघताना येतो. पुस्तकातल्या चार नद्यांनी माणसाला एका जागी थांबवलं. आपल्या नदीकाठी थांबणं हीच तीन हजार वर्षांची मेहनत आहे.