हजार लाइन-दिवसांचा हिशेब

रोज ठरलेल्या वेळी आयसीयूतली एक सिस्टर वही घेऊन प्रत्येक खाटेपाशी जाते. मानेत, कॉलरबोनखाली किंवा जांघेत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, असलेले पेशंट किती, एवढंच ती मोजते. आज सात, उद्या नऊ. महिनाअखेरीस त्यांची बेरीज म्हणजे ‘लाइन-दिवस’. अशा दर हजार लाइन-दिवसांमागे किती जणांच्या रक्तात लाइनमुळे जंतुसंसर्ग झाला, हे आयसीयूतला संसर्ग रोखण्याच्या क्षेत्राचं मूळ माप. तुम्ही डॉक्टर असा, नर्स असा की संख्याशास्त्राचे विद्यार्थी, या क्षेत्रात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या सिस्टरबरोबर एक फेरी मारा, ही माझी आग्रहाची विनंती.

लाइन लागतेच. ब्लडप्रेशर टिकवणारी जहाल औषधं हाताच्या बारीक शिरेला फार काळ सोसत नाहीत, ती हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतच सोडावी लागतात. पण त्याच नळीच्या बाहेरून त्वचेवरचे जंतू आत सरकतात, आणि औषध जोडायच्या तोंडातून, म्हणजे हबमधून, हातावरचे. नळीला चिकटून ते थर धरतात आणि त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही. म्हणून इंजेक्शन देण्याआधी हब स्पिरिटच्या स्वॅबने पंधरा सेकंद घासायचा असतो. रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेचा मॉनिटर वाजत असताना, पंधरा सेकंद खूप मोठे वाटतात. आपलं सगळं शास्त्र शेवटी त्या पंधरा सेकंदांत उतरायला हवं.

ते उतरतं, याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंनी हात धुणं, लाइन घालताना पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणं, जांघेतली लाइन शक्यतो टाळणं आणि गरज संपताच लाइन काढणं या पाच गोष्टी नेमाने केल्या. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सरासरी दर दीड वर्षात 7.7 वरून 1.4 वर आला. भारतात 2017 ते 2024 या काळात 54 रुग्णालयांच्या 200 आयसीयूंमधून जमवलेला दर 8.83 आहे. हा आकडा वाचून खचू नका. सात वर्षं इतक्या ठिकाणी रोज कोणीतरी खाटा मोजत फिरलं, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

पुण्याचं काम मला विशेष मोलाचं वाटतं, कारण ते सर्वांत लहान पेशंटचं आहे. 2017-18 मध्ये शहरातल्या तीन नवजात अतिदक्षता विभागांतल्या 4,073 बाळांवर लक्ष ठेवलं गेलं. बी. जे. मेडिकल कॉलेजचे डॉक्टर त्यात होते. अनेक बाळांच्या रक्तात संसर्ग सापडला, निम्म्याहून अधिक क्लेबसिएलासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचा, आणि त्यांतले अनेक जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. वेगवेगळ्या विभागांच्या दरांत मोठी तफावत असू शकते. अशी तफावत दिसली की घाईने निकाल देऊ नका. कुठे बाहेरून आणलेली नाजूक बाळं जास्त असतात, कुठे दोन बाळांमागे एक सिस्टर तर कुठे आठांमागे. आणि जिथे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणीच, क्वचित पाठवतात, तिथे संसर्ग कमी ‘दिसतो’. प्रामाणिकपणे मोजायला लागलेल्या आयसीयूचा आकडा आधी वाढतो. त्या वाढीबद्दल त्यांना बोल लावला, तर पुढच्या वर्षी वही बंद होते.

सर्वांत जास्त काम पडून आहे ते स्वतःची मायक्रोबायोलॉजी लॅब नसलेल्या लहान आयसीयूंमध्ये. तिथली कल्चरची बाटली दुचाकीवरून गावातल्या दुसऱ्या लॅबकडे जाते. सुरुवात तिच्यापासूनच करता येईल: अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी रक्त घ्या, मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली, बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि लेबलवर वेळेबरोबर हेही लिहा की रक्त लाइनमधून काढलं की हाताच्या शिरेतून.