बोडीकाठची ब्राह्मी आणि सर्पगंधेची मुळी

साकोलीकडच्या आमच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीखाली, धानाच्या बांध्यांलगतच्या ओलीत ब्राह्मी पसरायची. कुणाचं मन थाऱ्यावर नसलं की आजी तिचा पाला तेलात कढवून टाळूवर चोळायची. तो थंड, हिरवा वास अजून आठवतो.

अशाच एका वनस्पतीनं जगाचं मानसोपचारशास्त्र बदललं. ती सर्पगंधा. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व उन्मादावरचा तिचा गुण प्रसिद्ध केला. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं झालं आणि मनोरुग्णालयांत पोचलं.

पण ते घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. रेसर्पिननं मेंदूतली सेरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन ही रसायनं घटतात, हे पुढे कळलं; त्यातूनच नैराश्यामागच्या रसायनांचा विचार आकाराला आला. मन शांत करणारी मुळी मन खचवूही शकते, हा तिचा मोठा धडा.

म्हणून सांगतो: आजीच्या ज्ञानाचा मान राखा, बोडीचा काठ जपा, पण मन खचलं असेल, तर मुळी उगाळण्याआधी डॉक्टरांना भेटा.